‘गांजा’ शब्दाचीं अर्थांतरें

(१)

जुन्या कागदांत कठीण शब्द आला म्हणजे वाचणारा थांबतो, कोश पाहतो, जाणत्यास विचारतो. सोपा शब्द आला म्हणजे तो थांबत नाहीं. आणि अर्थाचा घोटाळा बहुधा अशा सोप्या शब्दाच्याच ठिकाणीं होतो. ‘गांजा’ हा असाच एक शब्द आहे. त्याचा आजचा अर्थ सर्वांस ठाऊक असल्यामुळें हजार वर्षांपूर्वींही तोच असावा असें गृहीत धरलें जातें. वस्तुतः या शब्दानें आजवर चार निरनिराळे अर्थ धारण केले आहेत. प्रथम तो एका प्रकारच्या घराचा वाचक होता. मग एका वनस्पतीचा झाला. पुढें त्या वनस्पतीच्या एका भागाचा व तो सेवन करण्याच्या एका रीतीचा झाला. आणि शेवटीं कायद्यांतील एका सदराचा झाला. हीं स्थित्यंतरें क्रमानें दाखवून त्यांचा उपयोग हस्तलिखितांच्या वाचनांत कसा करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून आम्ही एक स्थळ डोळ्यांपुढें ठेवतों. रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, जोग नदीच्या मुखाशीं आंजर्ले गांव आहे. कड्यावरच्या गणपतीमुळें तें महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. उत्तरेस केळशी, दक्षिणेस हर्णै व समुद्रांतला सुवर्णदुर्ग, असा हा प्रदेश. या किनाऱ्यावरील जुन्या घरांतून जे रुमाल निघतात त्यांत सामान्यतः तीन जातींचे कागद असतात: संस्कृत पोथ्या, वैद्यकीचीं बाडें, आणि मोडी हिशेब व वाटपपत्रें. गांजा, भांग, विजया या कुळांतले शब्द तिन्ही जातींच्या कागदांत भेटूं शकतात. परंतु एका रुमालांत बांधलेले म्हणून ते एकाच अर्थाचे ठरत नाहींत.

(२)

प्रथम पोथ्यांकडे वळूं. ज्या घरांत संस्कृताचें अध्ययन होतें तेथें अमरकोश पाठ असे. सामान्यतः इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या या कोशांत ‘गञ्जा’ हा शब्द आहे. पण तो वनस्पतींच्या वर्गांत नाहीं. तो दुसऱ्या कांडाच्या पुरवर्गांत, पाणपोई, विद्यार्थ्यांचा मठ इत्यादि वास्तूंच्या ओळींत बसला आहे, आणि त्याचा अर्थ ‘मदिरागृह’ असा दिला आहे. म्हणजे अमरसिंहाच्या लेखीं गञ्जा म्हणजे दारूचा गुत्ता. भांगेशीं तिचा कांहींएक संबंध त्यानें सांगितलेला नाहीं.

उलट ‘भङ्गा’ शब्द त्याच कोशाच्या वैश्यवर्गांत येतो. तेथें तिला ‘मातुलानी’ असा पर्याय दिला असून तिची जागा जवसाच्या लगत, शेतांतल्या धान्यांमध्यें आहे. पाणिनीनेंही तिची संगत अशीच ठेवली आहे. पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत, अमुक पिकाचें शेत या अर्थाचे प्रत्यय सांगतांना तो तीळ, उडीद, जवस, भङ्गा व अणु अशीं पांच पिकें एकत्र घेतो. भङ्गेच्या शेतास ‘भङ्ग्य’ किंवा ‘भाङ्गीन’ म्हणावें असा त्याचा अभिप्राय. कात्यायनाच्या वार्तिकांतही भङ्गेचा पराग, तीळ व जवस यांच्या परागाबरोबरच येतो. कौशिकसूत्रांत भङ्गेचे व मुंजाचे पाश सांगितले आहेत. तेथें तिचा वाखच अभिप्रेत आहे हें उघड आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत सोम, दर्भ व यव यांच्याबरोबर भङ्गाचें नांव श्रेष्ठ वनस्पतींत घेतलें आहे. तेवढ्यावरून वैदिक ऋषि भांग पीत असत असें अनुमान करणारे लेखक आहेत. परंतु दर्भ व यव यांच्या पंक्तींत बसलेली वनस्पति मादक म्हणूनच श्रेष्ठ होती, असें त्या मंत्रावरून सिद्ध होत नाहीं.

तेव्हां प्राचीन थरांत दोन शब्द आहेत व ते परस्परांस ओळखत नाहींत. भङ्गा ही शेतांतली, वाखाची व बियांची; गञ्जा ही गांवांतली, मद्याची. याशिवाय ‘गञ्ज’ हा तिसराच शब्द आहे. त्याचा अर्थ कोश, खजिना; तो फारसी ‘गंज’ शब्दाचा सोयरा. इ. स. ११५० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या कल्हणाच्या राजतरंगिणींत ‘गञ्जवर’ हा खजिन्याच्या अधिकाऱ्याचा वाचक आहे. मराठींत गवताची गंजी, ढीग या अर्थीं गंज, बाजारपेठेच्या नांवांतील गंज, हीं या शब्दाच्या कुळांतलीं मानलीं जातात. पुण्यांतील गंज पेठ, जिचें पुढें महात्मा फुले पेठ असें नामकरण झालें, ती बाजाराच्या गंजावरून. गांजाशीं तिचा संबंध जोडणें हा निव्वळ कानाचा खेळ होय. ‘गांजणें’ हें क्रियापदही वेगळें. त्याचें मूळ ‘गञ्जन’, म्हणजे तिरस्कार, अवहेलना, या शब्दाकडे आहे.

(३)

आतां वैद्यकीचीं बाडें. येथें भङ्गा शेतांतून औषधींत येते. पण ती फार उशिरां येते. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ‘विजया’ शब्द आढळला कीं तो भांगेकडे लावण्याची संवय कांहीं अभ्यासकांस आहे. मोइलेनबेल्ट व वुयास्टिक या विद्वानांनीं वैद्यकग्रंथांची कालानुक्रमानें छाननी करून असें दाखविलें आहे कीं, भांगेचा औषध म्हणून निःसंदिग्ध व काल ठरविण्याजोगा उल्लेख अकराव्या शतकांतील वंगसेनाच्या चिकित्सासारसंग्रहापासून मिळूं लागतो. इ. स. १३०० च्या सुमाराची शार्ङ्गधरसंहिता तिचा गुणधर्म नेमका सांगते: पचण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापणाऱ्या ‘व्यवायी’ द्रव्यांचें उदाहरण म्हणून शार्ङ्गधर भांग व अफू यांचीं नांवें जोडीनें घेतो. त्याच्या जातीफलादि चूर्णांत भांग हें घटकद्रव्य आहे. जवसाची शेजारीण आतां अफूची शेजारीण झाली. सातआठशें वर्षांत संगत किती पालटली, तें या दोन शेजारांवरून दिसतें.

सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत आमच्या मुख्य शब्दाचें स्थित्यंतर पुरें झालेलें दिसतें. तेथें भङ्गेच्या पर्यायांत गञ्जा, मातुलानी, मादिनी, विजया व जया हीं नांवें एका ओळींत आलीं आहेत. अमरानें मदिरागृहास दिलेलें नांव भावमिश्र वनस्पतीस देतो. हें कसें घडलें? मद ज्या घरांत मिळे त्या घराचें नांव मद देणाऱ्या द्रव्यास लागलें, असा एक पक्ष. लोकभाषेंतील एखादा वेगळाच शब्द संस्कृतांत येऊन जुन्या गञ्जेशीं समरूप झाला, असा दुसरा. आम्हांस पहिला पक्ष अधिक संभाव्य वाटतो. कारण भङ्गेस ‘मादिनी’ हें नांव त्याच ओळींत दिलें आहे. म्हणजे तिच्या नामकरणांत वाखाची नव्हे तर मदाचीच बाजू पुढें आली होती. मात्र पक्ष कोणताही घेतला तरी क्रम बदलत नाहीं. आधीं घर, मागाहून झाड.

‘विजया’ शब्दाविषयीं येथेंच एक सूचना करणें अवश्य आहे. भावप्रकाशाच्या हरीतक्यादि वर्गांत हिरड्याच्या सात जाती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिलीचें नांव विजया. भांगेचें वर्णनही याच वर्गांत असून तिचेंही एक नांव विजया. एका ग्रंथांत, एका वर्गांत, एकच नांव दोन अगदीं भिन्न गुणांच्या द्रव्यांस दिलेलें आहे. त्यामुळें कोंकणांतल्या एखाद्या बाडांत ‘विजया’ आली तर ती हिरडा कीं भांग, हें शब्दावरून कधींच ठरणार नाहीं; बरोबरचीं द्रव्यें व रोग पाहूनच ठरवावें लागेल. सुंठ, मिरीं, पिंपळी यांच्याशीं दोन्ही जुळतात, म्हणून तेवढ्यानेंही भागत नाहीं. आवळा व बेहडा बरोबर असतील तर हिरड्याकडे कल द्यावा. जायफळ, अफू, खसखस असतील तर भांगेकडे. हा केवळ शब्दपांडित्याचा प्रश्न नव्हे. जुनीं बाडें छापलीं जातात, त्यांतले पाठ लोक घरीं करून पाहतात. लहान मुलाच्या पोटासाठीं सांगितलेल्या हिरड्याच्या जागीं भांग घातली गेली तर त्याचा दोष पाठ देणाऱ्या मूळ वैद्याकडे नाहीं, संपादकाकडे आहे.

‘गृञ्जन’ हा असाच आणखी एक फसवा शब्द. स्मृतींत अभक्ष्य पदार्थांच्या यादींत तो लसूण व कांदा यांच्या संगतींत येतो, आणि तेथें तो त्याच जातीच्या कंदाचा वाचक आहे. अर्वाचीन कोशांत मात्र त्याचा ‘गांजाचे शेंडे’ असाही अर्थ नोंदलेला आढळतो. तो उत्तरकालीन अर्थ उचलून स्मृतिकारांनीं गांजाचा निषेध केला होता असें म्हणणें म्हणजे कालविपर्यास होय.

(४)

येथवर गञ्जा व भङ्गा हे एकाच वनस्पतीचे पर्याय झाले. पण मराठींत आज हे पर्याय नाहींत. भांग घोटतात, पितात, गांजा ओढतात. हा भेद केव्हां पडला?

या प्रश्नावर गोमांतकांत छापलेला एक ग्रंथ प्रकाश पाडतो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास राहत असे. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यास तो औषधें देई, आणि मुंबईचें बेट कांहीं काळ त्याच्याकडे पट्ट्यानें होतें. त्याचा औषधींवरील संवादात्मक ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील भांगेवरच्या संवादांत तो पानांचा चुरा, कधीं बिया, साखर, सुपारी, अफू, जायफळ, लवंग, कापूर यांसह ती कशी खातात तें तपशिलानें सांगतो. गुजरातच्या सुलतान बहादुराची गोष्टही देतो: रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान, इराण पाहावेंसें वाटलें कीं आपण थोडी भांग घेतों, असें सुलतान म्हणे. इतका तपशील देणारा हा चौकस वैद्य धूर ओढण्याची गोष्ट मात्र सांगत नाहीं. युरोपांतील वाखाचें झाड व ही भांग एक नव्हत असेंही तो आग्रहानें म्हणतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यास, या किनाऱ्याच्या जाणत्या निरीक्षकास, भांग ही वाखासाठीं लावलेली वनस्पति म्हणून दिसत नव्हती. पाणिनीच्या वेळची भङ्गा येथें पार विसरली गेली होती.

त्यानंतर तंबाखू आली. असद बेगानें ती विजापुराहून नेऊन इ. स. १६०४-०५ च्या सुमारास अकबराच्या दरबारीं दाखविली. पुढें १६१७ मध्यें जहांगिरानें तिच्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाहीं, चिलीम टिकली. तंबाखूबरोबर धूर ओढण्याची रीत व तिचें साहित्य देशभर पसरलें, आणि त्या चिलिमींत राळयुक्त फुलोऱ्याचे शेंडे जाऊन बसले. शब्दरचनाच याची साक्ष देते. ‘गांजेकस’ या मराठी शब्दाचें उत्तरपद फारसी ‘कश’, म्हणजे ओढणारा. भांगेच्या व्यसनी माणसास आपण ‘भंगड’ म्हणतों. ‘भांगकस’ असा शब्द मराठीनें बनविला नाहीं. ओढण्याची क्रिया शब्दाच्या पोटांतच आहे, म्हणून ‘गांजेकस’ शब्द ज्या कागदांत येईल तो कागद, अथवा निदान त्याची ती प्रत, चिलिमीच्या प्रसारापूर्वींची असणें कठीण. स्वतःस पंधराव्या शतकांतील म्हणविणाऱ्या एखाद्या पत्रांत असा शब्द दिसला तर संग्राहकानें त्या पत्राकडे संशयानें पाहावें.

याच सुमारास वस्तूच्या प्रतिष्ठेंतही फरक पडला. निघंटूंतलीं नांवें, विजया, जया, सगळीं गौरवाचीं. मराठी वाक्प्रचारांत मात्र चांगल्या कुळांत निपजलेल्या वाईट माणसास ‘तुळशींत भांग’ म्हणतात व त्याच्या उलट प्रकारास ‘भांगेंत तुळस’. पोथी स्तुति करते आणि म्हण निंदा करते. दोघींचें लक्ष्य एकच झाड आहे. पोथीवरून समाजाचें मत काढणारा जितका चुकेल, तितकाच म्हणीवरून वैद्यकाचें मत काढणाराही चुकेल.

(५)

तिसरी जात मोडी कागदांची. येथें अडचण अर्थाची तर आहेच, पण त्याआधीं अक्षराची आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत हें सर्वांस ठाऊक आहे. अनुस्वारही पुष्कळदां गाळतात, याकडे तितकें लक्ष जात नाहीं. अनुस्वार गेला कीं ‘भांग’ व ‘भाग’ एक होतात, ‘गंज’ व ‘गज’ एक होतात, आणि ‘रयत गांजली’ याचें ‘रयत गाजली’ होऊन दुःखाची कीर्ति बनते.

कोंकणच्या कागदांत ‘भाग’ शब्दाचा सुळसुळाट असणें स्वाभाविक आहे. दापोलीच्या परिसरांत खोती चाले, खोतीचे वांटे पिढ्यान्‌पिढ्या पडत गेले, आणि प्रत्येक वाटपपत्रांत भागांचे आणे व पै मांडलेले असत. खोतीचा बंदोबस्त १८८० च्या कायद्यानें झाला व १९४९ च्या कायद्यानें ती संपली. कागद मात्र राहिले. अशा कागदांतील ‘भाग’ शब्दावर वाचकानें अनुस्वार चढवूं नये, आणि खऱ्या भांगेवरचा लुप्त अनुस्वार विसरूंही नये. निर्णय परिमाणावरून होतो. आणे, पै, तक्षिमा असतील तर तो वांटा. मासे, तोळे, शेर असतील तर तें द्रव्य. बाड मोडींत असेल तर अधिक सावध राहावें. ‘सुंठ एक भाग, मिरीं एक भाग’ अशा पाठांत अंकानंतर येणारा शब्द प्रमाण दाखवितो. तोच शब्द अंकाच्या आधीं, द्रव्याच्या जागीं आला तर तो भांग असण्याचा संभव आहे. अंकाची बाजू हीच येथें अनुस्वाराचें काम करते.

वाखाविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आंजर्ल्यासारख्या खाडीकांठच्या गांवीं जाळीं व दोर यांस केवढें महत्त्व, हें सांगावयास नको. नायलॉन येण्यापूर्वीं हीं जाळीं तागाच्या सुताचीं, दोर तागाचे व काथ्याचे असत. इंग्रजी लेखकांनीं तागास व अंबाडीसही ‘हेंप’ या एकाच नांवाखालीं घातलें. त्यामुळें एखाद्या इंग्रजी गॅझेटियरांत किनाऱ्यावरील ‘हेंप’चा उल्लेख वाचून तेथें गांजाची लागवड होती असा निष्कर्ष काढणें ही मोठी चूक होईल. मुंबई इलाख्यांत गांजाचें पीक मुख्यतः घाटावर, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत होत असे. किनाऱ्यास तो माल घाटावरून उतरे. कोंकणांतील हिशेबांत गांजा सांपडला तर त्यास आयात माल समजावें, घरचें पीक समजूं नये.

(६)

शेवटचें अर्थांतर सरकारनें केलें. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें मादक द्रव्यांचा मक्ता व परवाने यांची व्यवस्था लागली, आणि गांजा हा शब्द कर घेण्याजोग्या मालाचें नांव झाला. मार्च १८९३ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटांत केन नामक सभासदानें या द्रव्यांविषयीं प्रश्न विचारल्यावर, जुलै १८९३ मध्यें हिंदुस्थान सरकारनें मॅकवर्थ यंग याच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें. त्यानें १,१९३ साक्षी घेतल्या व १८९४ मध्यें आपला अहवाल सादर केला. बेताचें सेवन बहुधा अपायकारक नाहीं, सर्वस्वी बंदी अनावश्यक आहे, कर व नियंत्रण असावें, असा त्याचा निष्कर्ष होता.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें या कमिशनचें काम दुहेरी महत्त्वाचें आहे. एक तर ग्रीअर्सननें संस्कृत व हिंदी वाङ्मयांतील उल्लेख गोळा केले, आणि मुंबई गॅझेटियरचा संपादक कॅम्पबेल यानें भांगेच्या धार्मिक बाजूवर टिपण लिहिलें. शब्दाच्या इतिहासाचा पहिला पाया असा पडला. दुसरें, नांवांची व्याख्या करणें भाग पडलें. राळ ती चरस. बीं धरूं न दिलेल्या मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा तो गांजा. पानें ती भांग. उत्तरेकडे भांग रानोमाळ उगवते, म्हणून तेथें हे भेद स्वाभाविक होते. दख्खनेंत झाड लागवडीचेंच. त्यामुळें गांजाच्या पिकांतून झडलेला पाला तोच येथें भांग म्हणून खपे. एका झाडाचीं दोन नांवें होतीं. आतां तीं दोन निरनिराळ्या दरांचीं सदरें झालीं.

पुढें १९३० चा धोक्याच्या औषधींचा कायदा, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार व १९८५ चा अंमली औषधि कायदा यांनीं ही चौकट घट्ट केली. १९८५ च्या कायद्यांत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे वा फळोऱ्याचे शेंडे. शेंड्यांवांचून असलेलीं पानें व बिया त्या व्याख्येबाहेर. ज्या शब्दास भावमिश्रानें सबंध झाडाचें नांव म्हणून लिहिलें, त्यांतून पान कायद्यानें वगळलें. आणि ज्या काळीं स्वदेशांत शब्दाचा अर्थ असा आकसत होता, त्याच काळीं तो परदेशांत पसरत होता. १८४५ पासून जमैकांत गेलेल्या हिंदी गिरमिट्यांबरोबर ‘गांजा’ शब्द तेथें पोंचला व तेथील भाषेचा झाला. १९१३ मध्यें तेथेंही त्याच नांवानें कायदा झाला. तेथें पुन्हा तो सबंध झाडाचा वाचक आहे.

(७)

वरील विवेचनाचें सार असें. शब्दाचा अर्थ त्याच्या अक्षरांत नसून त्याच्या संगतींत आहे. गञ्जा पाणपोई व मठ यांच्या पंक्तींत असेल तर घर. मादिनी व जया यांच्या पंक्तींत असेल तर झाड. चिलिमीच्या संगतींत असेल तर ओढावयाचा शेंडा. मक्ता व परवाना यांच्या संगतींत असेल तर अबकारीचा माल. भङ्गा जवसाशेजारीं असेल तर पीक, अफूशेजारीं असेल तर औषध. विजयेचा निर्णय बरोबरच्या द्रव्यांवरून करावा, आणि मोडींतील ‘भाग’चा परिमाणावरून.

यांत जें पणास लागलें आहे तें थोडें नव्हे. एका चुकीच्या अनुस्वारानें वतनाचा वांटा व्यसनाचा पदार्थ ठरतो, आणि एखाद्या घराण्याच्या पूर्वजांवर त्यांनीं न केलेल्या व्यसनाचा आरोप छापून येतो. एका चुकीच्या पर्यायानें औषधाचें अपौषध होतें. उलट बाजूनें, जेथें खरोखर भांग आहे तेथें लाजेनें हिरडा लिहिणें हाही सत्याचा अपलापच होय. पूर्वजांची अब्रू राखणें अगर घालविणें हें संशोधकाचें काम नव्हे. त्यांनीं काय लिहिलें तें वाचणें एवढेंच त्याचें काम.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, या कुळांतला कोणताही शब्द आपल्या रुमालांत आढळल्यास तो सुटा उतरून घेऊं नये. त्याच्या मागची व पुढची ओळ, परिमाण, लिपि, असल्यास शक व मिति, आणि कागदाची जात यांसह नक्कल करावी. अनुस्वार मुळांत नसेल तर तो कंसांत द्यावा. आंजर्ल्यापासून केळशी-हर्णैपर्यंतच्या घरांत वैद्यकीचीं बाडें ज्यांच्याकडे असतील त्यांनीं तीं वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं एवढें केलें, तर मराठींत हे शब्द कोणत्या शतकांत कोणत्या अर्थानें वावरले याची जंत्री तयार होईल, आणि पुढच्या वाचकास केवळ कानावर विसंबून अर्थ लावण्याचें कारण उरणार नाहीं.